सड्यावर कोण विव्हळतंय?

आमच्या गाडीने मला ठार मारायचा प्रयत्न फक्त एकदाच केला. पावस रस्त्याच्या वळणावर, भर पावसात मी ब्रेक दाबला आणि गाडी मला न विचारता आंब्याच्या कलमांकडे निघाली! बागेच्या दगडी गडग्यापाशी कशीबशी थांबली. बायको, सुनंदा, खाली उतरली. टायरवरून हात फिरवत म्हणाली, "तुमचं टक्कलसुद्धा याच्याहून खरखरीत आहे! टायर बदलल्याशिवाय मी या गाडीत बसणार नाही."

मग मी अभ्यासाला लागलो. टायरच्या खाचांतून पाणी कसं बाहेर फेकलं जातं, हे मी जेवताना आमटीत बोट घालून समजावू लागलो. (त्या काळात घरात आमटी होणं बंद झालं.) दुकानात जाऊन मी सगळ्यांत खोल खाचांचे, राक्षसासारखे टायर निवडले.

"साहेब, हे रस्त्यावर जरा..." दुकानदार म्हणाला.

"ओल्यात पकड कशी?"

"पकड उत्तम, पण..."

"बसवा!"

दुसऱ्याच दिवशी दुपारी, आमच्याकडे राहायला आलेल्या माझ्या आत्याला तिच्या गावी सोडायला आम्ही निघालो. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावर, चढलो तेव्हा पाऊस थांबला होता, पण धुकं असं उतरलं की कातळ, झाडं, रस्ता सगळं पुसून गेलं. भरदुपारी दिवे लावले. आणि तो आवाज सुरू झाला.

हूंऽऽऽऽ...

"रेडिओ बंद कर रे," मागून आत्या म्हणाली.

"बंदच आहे."

आवाज मात्र चालू होता. लांबून, खोलातून, बाई विव्हळावी तसा.

"आमच्या वन्संच या!" आत्या कुजबुजली. "जिवंतपणी अशाच कण्हायच्या. पळव गाडी, मेल्या!"

मी पळवली. विव्हळणं चढत चढत किंकाळी झालं! घाबरून थांबलो. आवाजही थांबला. पुन्हा निघालो, पुन्हा हूंऽऽ! आम्ही थांबलो की तीही थांबत होती! तेवढ्यात समोरच्या धुक्यातून एक आकृती आली. तिला डोकं नव्हतं.

आम्ही तिघंही किंचाळलो. आकृतीही किंचाळली! प्लास्टिकची खोळ मागे सरकली आणि खालून एक म्हातारबाबा निघाले.

"तुमी माणसंच ना?" ते दाराची मूठ धरत म्हणाले. "मगासपासनं कोण तरी विव्हळत येतंय माझ्या मागनं. दिवे बघून परत फिरलो. मला आत घ्या!"

त्यांना आत घेऊन दारं लॉक केली. गाडी निघाली. हूंऽऽ! मागच्या सीटवर दोन वेगवेगळ्या देवांचा धावा सुरू झाला.

सुनंदा अचानक म्हणाली, "हळू चालवा." आवाज उतरला. "आता जोरात." चढला. "थांबा." शांतता.

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला वन्सं बऱ्या वाटल्या. "दुकानदार 'पण' म्हणाला होता ना? त्या 'पण'च्या पुढे काय होतं, ते ऐकलंत? तुमचे राक्षसी टायरच रस्त्यावर विव्हळतायत!"

बाबा तिथेच उतरले. "मी चालत जातो," म्हणाले.

गावात ही गोष्ट अर्धीच पोचली असावी. कारण पुढच्या महिन्यात सड्यावर त्याच जागी एक नारळ आणि विझलेली उदबत्ती दिसली. गुरांमागे चाललेल्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "धुक्यात हितनं पांढरं भूत रडत जातं. नुसतं जात नाय हो, मधेमधे थांबून माणसं पण उचलतं!"

मी पांढऱ्या गाडीतून गुपचूप हात जोडले. वॉरंटीत असलेलं, स्वतःच्याच नैवेद्याला नमस्कार करणारं रत्नागिरीतलं पहिलं भूत मीच असेन!