तीन चिमण्यांचा पुरावा

आमच्या साडूभाऊंनी उभ्या आयुष्यात कुठलीही गोष्ट पुराव्यावाचून मान्य केलेली नाही, आणि त्यात मीही आलो. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. मी नोकरीसाठी मॉन्ट्रियलला पहिल्यांदा त्यांच्याकडे उतरलो, तेव्हा बाहेर उणे बावीस होतं, माझ्या मिशीवर बर्फ जमला होता, आणि हे गृहस्थ दार अर्धवट उघडून म्हणाले, "लग्नाच्या फोटोत तुम्हाला चष्मा नव्हता." मी चष्मा काढून दाखवला तेव्हा दार पूर्ण उघडलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं आपण म्हणतो. साडूभाऊ आधी त्या आरशाचा कागद मागतील. आधी नाशिककडे आणि मग मॉन्ट्रियलला, सगळी हयात त्यांनी विमानाचे सुटे भाग तपासण्यात घालवली होती. भाग कितीही देखणा असो, सोबत त्याचा कागद नसेल तर साडूभाऊ त्याला लाल चिठ्ठी बांधत आणि तो कोपऱ्यात जाऊन पडे. अडचण एवढीच, की संध्याकाळी घरी येताना ते कोऱ्या लाल चिठ्ठ्याही बरोबर आणत.

त्या घरात लाल चिठ्ठीपासून कुणाची सुटका नव्हती. एका बाजूनेच पाव भाजणाऱ्या टोस्टरला चिठ्ठी होती. अक्कांच्या चकल्यांच्या डब्यालाही एका दिवाळीत चिठ्ठी लागली, "काट्यांची उंची असमान" असा शेरा मारून. अक्का म्हणजे माझी मेहुणी. बिचारीने ती चिठ्ठी देवाजवळ ठेवून दिली आणि चकल्या आम्हाला दिल्या. मंडळाच्या गणपतीत मखर एका बाजूला कललं आहे असं ह्यांना वाटलं, तेव्हा खिशातून ओळंबा काढून ह्यांनी ते मोजलं, आणि सव्वाशे माणसं हातात टाळ घेऊन, पोटात भूक घेऊन उभी राहिली. मखर खरंच कललेलं निघालं, हे त्यातलं सर्वांत वाईट. त्यांची मुलगी वैतागून म्हणायची, "बाबा, नोबडी इज गोइंग टू चेक." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "मी चेक करणार आहे."

अशा माणसाला छंद लागावा तो प्लास्टिकच्या विमानांचा. डब्यात सुटे भाग येतात, ते चिकटवायचे, रंगवायचे, शेपटीवर नंबर घालायचा. इतर लोक हे विरंगुळा म्हणून करतात. साडूभाऊंना त्यात आणखी एक कारखाना सापडला. डब्यावरच्या चित्रावर त्यांचा विश्वास नसे. अमुक विमानाच्या अमुक महिन्यात पंखाखालचा पट्टा किती रुंद होता, यासाठी ते परदेशी संग्रहालयांना पत्रं लिहीत आणि उत्तर येईपर्यंत ते विमान बिनपंखाचं खिडकीत पडून राही. खिडकीत अशी नऊ विमानं होती. पुरं एकच.

त्या दुमजली घराचे मालक वॉल्टर खालच्या मजल्यावर राहत. पंच्याऐंशीच्या घरातला, उंच, वाकलेला, एकटा माणूस. दोन हजार सहा-सातच्या त्या हिवाळ्यात बाहेरच्या लोखंडी गोल जिन्यावर बर्फ साचला की साडूभाऊ तो शोव्हल करत, आणि वॉल्टर खालून दाराच्या फटीतून पाहत. एकदा ते भाड्याच्या पावतीसाठी वर आले आणि खिडकीपाशी थांबले. म्हणाले, "लढाईत मी यातलंच एक उडवत होतो. म्हणजे उडवत होता दुसरा, मी मागे बसून वायरलेस सांभाळायचो." दोन मजली पंखांचं, कापडाने मढवलेलं, तेव्हाही जुनंपुराणं म्हणून हसण्यावारी नेलेलं ते नौदलाचं विमान. मालवाहू जहाजावर धावपट्टी म्हणून सपाट पाट टाकून त्यावरून उडायचं आणि अटलांटिकमध्ये पाणबुड्या शोधायच्या. माणसं तीन, तिघंही उघड्यावर. वॉल्टरना गालगुंड झालं म्हणून एका सकाळी त्यांच्या जागी दुसरा गेला. ते विमान परत आलं नाही.

वॉल्टरनी हे सगळं भाड्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. मग म्हणाले, "माझं विमान मला करून द्याल? पण जरा लवकर. माझ्या डोळ्यांचं काही खरं नाही. ज्याच्याकडे बघावं तेच मधोमध पुसलं जातं. डॉक्टर म्हणतात, वर्षभर." आणि जाता जाता त्यांनी ती गोष्ट सांगितली. पायलटने त्यांच्या बसायच्या जागेखाली, विमानाच्या डाव्या कुशीवर, तीन चिमण्या काढल्या होत्या. तिघांच्या तीन. त्या तेवढ्या विसरू नका.

साडूभाऊंनी काम हाती घेतलं ते जन्मात कधी घेतलं नसेल अशा निष्ठेने. पंखांमधल्या तारांसाठी त्यांना दोरा जाड वाटला, म्हणून अक्कांचे केस वापरले. पांढरे चालत नव्हते, काळे शोधावे लागत. रोज सकाळी चहाच्या आधी अक्का खुर्चीत बसत आणि हे चिमट्याने एकेक निवडत. मग विमानाच्या पांढऱ्या रंगाचा घोळ सुरू झाला. समुद्रावरच्या ढगाळ आभाळात लपावं म्हणून ती विमानं पांढरी असत, पण पांढरा म्हणजे कोणता पांढरा? दुकानात पांढऱ्याच्या चौदा बाटल्या होत्या. त्या चौदाही घरी आल्या. फेब्रुवारीत मॉन्ट्रियलमध्ये जिकडे पाहावं तिकडे पांढरंच, आणि त्या पांढऱ्यात हा माणूस जिन्यावर उभा राहून रंगवलेल्या पट्ट्या आभाळाला लावून बघत होता. मला हसू यायचं, पण मग खालच्या खिडकीत वॉल्टरचा चेहरा दिसायचा. ते आमच्याकडे बघायचे तेव्हा नजर जरा बाजूला असायची.

चिमण्यांसाठी पत्रं गेली. इंग्लंडला तीन, हॅलिफॅक्सला दोन. मे गेला, जुलै गेला. मी म्हणालो, "साडूभाऊ, ज्याचं विमान तो माणूस स्वतः सांगतोय. काढून टाका की तीन चिमण्या." ते म्हणाले, "साठ वर्षांनी माणसाला काय आठवतं आणि काय आठवावंसं वाटतं, यात फरक असतो, साडूभाऊ." पालथ्या घड्यावर पाणी. सप्टेंबरात पाकीट आलं. त्यात एक फोटो होता. जहाजाचा पाट, त्यावर तेच विमान, नंबर स्वच्छ, डावी कूस स्वच्छ. चिमणी एकही नाही. फोटोमागे तारीखही नव्हती.

साडूभाऊ तो फोटो घेऊन खाली गेले तेव्हा मी बरोबर होतो. वॉल्टरनी फोटो डोळ्यांच्या कडेला धरला, वर केला, खाली केला. त्यांना काहीच दिसत नव्हतं हे मला कळलं. साडूभाऊंनी काय आहे ते सांगितलं. वॉल्टर म्हणाले, "मग हा आधीचा असेल. चिमण्या नंतर काढल्या." आणि साडूभाऊंनी विचारलं, अगदी नम्रपणे विचारलं, "त्याचा काही कागद?" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. वॉल्टरनी फोटो परत साडूभाऊंच्या हातात दिला. म्हणाले, "ज्यांच्याकडे होता ते दोघंही त्यातच गेले."

आम्ही वर आलो. साडूभाऊ त्या रात्री जेवले नाहीत. पण त्यांनी विमान फोटोबरहुकूमच पुरं केलं. मी रागावलो, अक्का रागावल्या. त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं, हे मला आज कळतं.

नोव्हेंबरात वॉल्टरना वृद्धाश्रमात हलवायचं ठरलं, त्याच्या आदल्या दिवशी साडूभाऊंनी विमान त्यांच्या हातात ठेवलं. वीतभराहून थोडं मोठं. वॉल्टरनी बोटांनी सगळं पाहिलं, आधी पंख, मग तारा, मग मागची स्वतःची जागा. डाव्या कुशीवर अंगठा फिरवला. तिथे रंग असला काय नि नसला काय, बोटाला काय कळणार? त्यांनी विचारलं, "आहेत ना तिन्ही?"

मी साडूभाऊंकडे पाहिलं. त्यांचे ओठ दोनदा हलले. मग ते म्हणाले, "आहेत. तिसरी जरा तिरकी आहे."

वॉल्टर हसले. त्या माणसाला हसताना मी तेव्हाच पाहिलं. "ती माझी," ते म्हणाले.

त्यानंतर साडूभाऊंची झोप उडाली. विमान परत आणून चिमण्या काढाव्यात, तर वॉल्टर ते उशाशी घेऊन झोपत. रंगवून आणतो म्हणावं, तर आधी नव्हत्या हे कबूल करावं लागलं असतं. आणि त्यांना स्वतःला दिसत नसलं तरी त्या आश्रमात दिसणारी माणसं पुष्कळ होती. कुणीही येऊन सहज बोलून गेलं असतं. म्हणून साडूभाऊ दर रविवारी, मेट्रो आणि मग बस असा तास-सव्वा तासाचा प्रवास करून, तिथे जाऊन बसू लागले. अक्कांना वाटलं, नवऱ्याला पाझर फुटला. तो फुटलाही होता, पण हा माणूस मुख्यतः पहाऱ्याला जात होता. कुणी आलं की ते खुर्ची अशी सरकवत, की विमानाची डावी बाजू भिंतीकडे जाई.

एका रविवारी मीही गेलो होतो. दुपारचे चार वाजले होते, पण खिडकीबाहेर अंधारायला लागलं होतं. औषधं घेऊन एक नर्स आली, नवीनच होती, फ्रेंच बोलणारी. वॉल्टर आता फार थकले होते, तरी त्यांनी विमान छातीवरून उचलून तिच्यापुढे धरलं आणि त्यांच्या मोडक्या फ्रेंचमध्ये म्हणाले, "ह्या माझ्या तीन चिमण्या. मोजून बघा." साडूभाऊ उठले आणि तसेच उभे राहिले. खुर्ची सरकवायला वेळच मिळाला नाही. नर्सने ती पांढरी, कोरी बाजू पाहिली. मग साडूभाऊंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बरंच पाहिलं. मग गोळ्यांची वाटी खाली ठेवत ती म्हणाली, "त्र्वा, मस्य." म्हणजे तीन, महाराज.

"आणि शेवटची तिरकी आहे ना?"

तिने पुन्हा त्या कोऱ्या बाजूकडे पाहिलं, मान जराशी कलती करून. "थोडी तिरकी वाटते," ती म्हणाली, आणि त्यांना गोळ्या दिल्या.

परत येताना बस चुकली. आम्ही बर्फातून मेट्रोपर्यंत चालत निघालो. साडूभाऊ दोन पावलं पुढे होते. मध्येच थांबले, माझ्यासाठी नाही, उगीचच. टोपी कपाळावर ओढून, समोर बघत म्हणाले, "साडूभाऊ, खरंच असतील का हो त्या?"

एवढ्या वर्षांत त्यांनी मला माझं मत कधी विचारलं नव्हतं.

"होत्या," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. गॉगलसारख्या जाड चष्म्यावर बर्फाचे कण पडत होते, ते त्यांनी पुसले नाहीत. माझ्या लाल चिठ्ठीवाल्या साडूभाऊंची मला त्या वेळी फार माया आली. मग आम्ही खाली उतरलो. मेट्रोत एकच जागा रिकामी होती, ती मी त्यांना दिली, आणि ते काही न तपासता बसले.