भरलं की आटणारं तळं

जानेवारीतला दुसरा शनिवार. सकाळी धुकं, अंगात स्वेटर, दहानंतर कोवळं ऊन. दैनंदिनीत एवढं व्यवस्थित लिहिलं आणि त्यानंतर मी जो पराक्रम केला... चहाचा कप आधी नीट धरा, मग ऐका!

माझ्या ताईची नरखेड तालुक्यात संत्र्या-मोसंबीची बाग आहे. विहिरीला पाणी आहे तोवर भाऊजी मोटर लावून शेततळं भरून ठेवतात आणि मे महिन्यात बाग त्यावरच जगते. त्यांना एवढंच हवं होतं, की तळ्यात किती फुटांवर किती पाणी असतं. ते कळलं की उन्हाळ्यात कोणत्या ओळीला किती सोडायचं हे ठरवता येणार. पण तळं खणताना एका बाजूला खडक लागलेला. तळ तिकडे वर चढलेला. मग लांबी-रुंदी-खोलीचा गुणाकार कसा चालणार?

"मी काढून देतो!" असं म्हणालं कोण? मीच!

माझं प्रतापनगरात विजेच्या सामानाचं दुकान. कॉलेजात गणित नव्हतं. पंचेचाळिशीनंतर जुन्या लॅपटॉपवर एकट्यानं शिकलो. त्यात डबल इंटिग्रल भेटलं आणि मी प्रेमातच पडलो. तळ्यावर चौकोनांचं जाळं कल्पायचं, प्रत्येक चौकोनातलं पाणी काढायचं, आधी एकेका पट्ट्याची बेरीज, मग सगळ्या पट्ट्यांची. वाकडंतिकडं तळं दोन बेरजांत मुठीत! काय डोकं असेल हो ज्याला हे सुचलं त्याचं!

भाऊजींनी तळं भरायला घेण्याआधीच कोरड्या तळ्यात आठ पट्टे पाडून, प्रत्येक पट्ट्यात आठ ठिकाणी मापं घेऊन दिली. मी प्रोग्रॅम लिहिला. घरच्या टाकीवर एक पातळी देऊन तपासला, लिटरला लिटर जुळलं.

मग आळस नडला. एक फूट, दोन फूट असं आठ वेळा कोण चालवणार? आठही पातळ्या एकदमच दिल्या. उत्तर आलं एक! आठ विचारली आणि एक? मी खोलात गेलो. पट्ट्यांच्या बेरजेपर्यंत आठ आकडे दिसत होते, शेवटची बेरीज त्यांचा एक करत होती. म्हटलं, चोर सापडला. शेवटची बेरीजच खोडून टाकली!

आठ आकडे आले. पाच फुटांपर्यंत पाणी वाढत होतं, पुढे कमी होत होतं. आठ फुटांना तर दोन फुटांपेक्षाही कमी.

तुम्ही असता तर इथे थांबला असता ना? मी थांबलो नाही. मी कारण शोधलं! पाण्याच्या वजनानं तळाला अंथरलेलं प्लास्टिक ताणलं जात असणार, पाणी झिरपत असणार. लगेच फोन लावला.

"भाऊजी, पाच फुटांवर मोटर बंद करा. त्याच्यावर भरलं की पाणी आटतं."

"काहून गा?"

"गणितात आलंय."

"गणितात आलं म्हनता? मंग बंद करतो, साळेबुवा!"

या माणसाचा माझ्यावरचा विश्वास बघा! तळ्यातल्या मापाच्या पट्टीवर पाच फुटांशी लाल रेघ मारली, मोटर बंद केली, विहिरीचं जास्तीचं पाणी शेजाऱ्याला त्याच्या मोटरनं हरभऱ्यासाठी नेऊ दिलं. पानठेल्यावर चर्चा, की भरलं की आटणारं तळं! एक जण तर माझ्या दुकानात विचारायला आला, "माह्या तळ्याचं बी गणित करून देता का जी?"

दोन आठवड्यांनी ताईची मुलगी केतकी माझ्या घरी आली. मिहानमधल्या सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रॅम लिहायचंच काम करते. मी ऐटीत आकडे दाखवले. ती हसली नाही. शांतपणे म्हणाली, "मामा, एकटा आठ टाका बरं. आणि ती खोडलेली बेरीज परत लावा."

टाकला. भलामोठा आकडा!

"तुमचे पट्टेही आठ, पातळ्याही आठ. कॉम्प्युटरनं एकेका पट्ट्याला एकेक पातळी वाटून दिली. पहिल्या पट्ट्यात एक फूट पाणी, शेवटच्यात आठ. नऊ पातळ्या दिल्या असत्या तर जोड्या जुळत नाहीत म्हणून बिचारा ओरडला तरी असता."

"म्हणजे पाणी तळ्यात पायऱ्यांसारखं उभं?"

"हो. आणि आठ फूट गेलं ते नेमकं खडकावरच्या उथळ पट्ट्यात, म्हणून कमी."

तिनं तीनच ओळी लिहिल्या. एक पातळी घ्यायची, पूर्ण तळं तिला द्यायचं, दोन्ही बेरजा करायच्या, मगच पुढची. मग जाळं दुप्पट बारीक करून पाहिलं. उत्तर फारसं हललं नाही, तेव्हाच तिनं विश्वास ठेवला. किती सुंदर काम! मी बघतच राहिलो.

"मामा, ताबडतोब बाबांना फोन लावा."

लावला. झालेली चूक सांगितली.

"म्हंजे तळं चांगलं हाये?"

"हो."

"मंग बिघडलं कोन होतं, साळेबुवा?"

मोटर त्याच संध्याकाळी सुरू झाली, पण तोवर विहिरीनं दम सोडला होता. तळं सहा फुटांवर थांबलं. केतकीच्या तक्त्याप्रमाणे पाणी सोडलं, संत्र्याला पावसाळ्यापर्यंत पुरलं. मोसंबीच्या शेवटच्या ओळीसाठी टँकर आणावा लागला, तो मी आणला. शेजाऱ्याचा हरभरा उत्तम आला. पट्टीवरची लाल रेघ अजून आहे. गावात तिला साळेबुवाची रेघ म्हणतात.