निकम सरांचा संशय

निकम सर मला पहिल्यांदा भेटले ते साताऱ्याच्या आमच्या कॉलेजात, मी रुजू झाले त्या दिवशी. "सर, तुम्हाला मेल पाठवलाय," मी म्हणाले. "पाठवलात हे खरं. पोचला कशावरून?" सर म्हणाले. माणूस खडूस आहे, असं मी तिथंच ठरवून टाकलं. फौजेच्या सिग्नल विभागातून निवृत्त होऊन ते नेटवर्क शिकवत होते. आज त्यांच्या पंचाहत्तरीलाही माझं मत बदललेलं नाही. फक्त त्या खडूसपणाचे आमच्या घरावर उपकार आहेत.

इंटरनेटवरून माहिती कशी जाते हे शिकवताना सर एक चिठ्ठी फाडत, तुकड्यांवर क्रमांक घालत आणि वेगवेगळ्या जिन्यांनी वरच्या वर्गात पाठवत. तिथं तुकडे जुळवायचे, हरवलेला पुन्हा मागवायचा. जुळल्यावर मजकूर निघे, 'उद्या सुट्टी.' मुलं खूश. मग सर म्हणत, "अक्षरन् अक्षर नीट पोचलं. सुट्टी मात्र नाही. यंत्रणा मजकूर पोचवते, खरंखोटं तिला विचारू नका."

मागच्या वर्षी पलूसजवळच्या आमच्या गावच्या ग्रुपवर माझ्या फौजी भावाचा फोटो आला. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. भावाचा फोन लागेना. मी सरांना फोटो दाखवला. सर तडक माझ्याबरोबर गावी आले. घरात बायका जमल्या होत्या आणि चुलती वहिनीच्या बांगड्यांना हात घालणार, तेवढ्यात सर आडवे आले.

"पलटणीचा निरोप येईस्तोवर कुणी हात लावायचा नाही."

"आवं, समद्यांच्या मोबाईलवर आलंय न्हवं?" चुलती म्हणाली.

"म्हणूनच मला संशय येतोय."

सरांनी जुन्या ओळखीतून पलटणीला निरोप धाडला. मग ओट्यावर बसून प्रत्येकाला एकच प्रश्न, तुला कुणी पाठवलं? गावातून माग माधवनगरच्या एका पाहुण्याकडे गेला आणि तिथून परत पलूसच्या फ्लेक्सवाल्याकडे. तो फोनवर म्हणाला, "आपल्याकडच्या कुना जवानाला लागलंय म्हनून कानावर आलं. मागनं घाई नको म्हनून डिझाइन करून ठिवलं. ह्यांचा लग्नातला फोटू माज्याकडं हुताच. कुनीतरी स्क्रीनचा फोटू काढून धाडला."

त्याचं दुकान फोडावं असं मला वाटलं. आजही वाटतं.

दुपारी भावाचा फोन आला. तो रेंज नसलेल्या ठाण्यावर होता, सुखरूप होता. घरात रडारड सुरू झाली, पण सरांचं समाधान होईना. "हल्ली आवाजही बनवता येतो," ते म्हणाले आणि फोन वहिनीकडे दिला. "फक्त त्यालाच ठाऊक असेल असं काही विचारा." वहिनीनं पदराआड हळूच काहीतरी विचारलं. उत्तर ऐकलं आणि लाजून हसली. काय विचारलं ते तिनं अजून कुणाला सांगितलेलं नाही. ते हसू पाहिलं आणि सर भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले.

सरांना निरोगी शंभरी लाभो, हे आमच्या सगळ्या घराचं मागणं आहे. त्यांच्याविषयी काही वाईटसाईट मोबाईलवर आलं, तर मी विश्वास ठेवणार नाही. कुठंही असले तरी पहिली एसटी धरून साताऱ्याला येईन आणि त्यांचं दार वाजवीन. सरांनी स्वतः उठून ते उघडावं.