आबांच्या टोंगळ्यातलं औषध

चादर पाहिली आणि मी दारातच थबकले. सिंगापूरची दुपार, यिशुनमधला माझा भाड्याचा फ्लॅट, पंखा पाचवर, तरी अंगाला घाम. आणि माझे वडील हॉलमधल्या खुर्चीत कमरेपासून खाली जाड चादर पांघरून बसलेले. मी लॅबमधून लवकर निघाले होते, कारण फोनवर त्यांचा आवाज मला नीट वाटला नव्हता.

"आबा, चादर कशाला?"

"काई नाई. एसीची थंडी वाजते बाप्पा."

एसी बंद होता.

शनिवारी त्यांच्या उजव्या गुडघ्यात इंजेक्शन झालं होतं. आज सोमवार. रविवारी मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, एकदम झकास. मी खूश झाले. रविवारी ते दिवसभर त्याच खुर्चीत होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

आबा रेल्वेत चावीवाले होते. रूळ जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या असतात. खांद्यावर हातोडा घेऊन रोज आपल्या बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या तुकड्यावर, रुळाच्या कडेनं चालायचं, ढिली झालेली चावी दिसली की उकिडवं बसायचं, ठोकायची, उठायचं, पुढं चालायचं. नोकरीभर हेच केलं. गुडघे, म्हणजे आमच्या वऱ्हाडात टोंगळे, तिथंच गेले. त्या टोंगळ्यांवर मी शिकले. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही.

पुढं माझं कामही गुडघ्याचंच निघालं. हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं. ते एकदा झिजलं की आपलं आपण भरून येत नाही. सुईनं आत सोडता येईल आणि आत गेल्यावर अस्तर परत धरायला लावेल, असं काही सापडतं का, यावर जगात बरीच माणसं डोकं फोडतायत. त्यात आमची एक छोटी लॅब. आमचं औषध सुईतून जाताना पातळ असायचं आणि गुडघ्यात गेलं की खरवसासारखं धरायचं. तेव्हापर्यंत ते गेलं होतं फक्त डुकरांच्या गुडघ्यांत. डुकरांचं मी घरी बोलले नव्हते. कशाला बोलायचं? 'तपासणी चालू आहे' एवढंच सांगायची.

आबांनी तेवढ्यावर आख्ख्या वस्तीत सांगून टाकलं होतं, "आमच्या पोरीनं टोंगळ्याचं इंजेक्शन काढलं."

ते माझ्याकडं राहायला आले तेव्हा मांडी घालता येत नव्हती. बुद्धवंदनेला खुर्चीत बसावं लागतं याची त्यांना फार लाज वाटायची. मी त्यांना सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाई वयानं मोठ्या, चिनी, कमी बोलणाऱ्या. एक्स-रे पाहून म्हणाल्या, थोडं अस्तर शिल्लक आहे, नव्या पद्धतीचं दाट वंगण आत सोडून पाहू. अस्तर उगवणार नाही, पण घर्षण कमी होईल, चालणं सुधारेल. मंजूर झालेलं, डब्यातून येणारं, कंपनीचं औषध. मी आबांना नीट समजावलं, "हे कंपनीचं आहे बरं का."

त्यांनी डॉक्टरीणबाईंकडं पाहून डोळा मारला. "हो हो, कंपनीचं."

मला वाटलं, गंमत करतायत.

सुई आत जाताना त्यांनी हूं की चूं केलं नाही. मीच जमिनीकडं बघत होते. रोज जनावरांच्या गुडघ्यात सुया घालणारी बाई मी, आणि बापाच्या गुडघ्याकडं बघवेना.

आता मी चादरीचं टोक धरलं. त्यांनी दुसरं टोक घट्ट धरलं. एवढ्या मोठ्या माणसाशी मी चादरीची ओढाओढ केली. शेवटी ती निघाली.

गुडघा गुडघ्यासारखा राहिलाच नव्हता. वाटी कुठं, मांडी कुठून सुरू होते, काही कळत नव्हतं. कातडी ताणून चकचकीत झालेली, लाल. हात लावला तर इस्त्रीला लागल्यासारखा भाजला. कपाळाला हात लावला, तेही गरम.

"कधीपासून?"

"अवं, सूज तं येतेच. सुई टोचल्यावर येत नाई का?"

"कधीपासून, आबा?"

"कालपासून जरा." मग लगेच, "पण दुखत नाई."

मला जे माहीत होतं ते माहीत नसतं तर बरं झालं असतं. आमच्या एका डुकराच्या गुडघ्यात एकदा जंतू शिरले होते. उघडला तेव्हा मी तिथं होते. चांगलं अस्तर ओल्या खोबऱ्यासारखं असतं, पांढरं, निसरडं, टणक. ते अस्तर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं झालं होतं. चिमट्यानं धरलं आणि सुटून हातात आलं. सगळं थोड्याच दिवसांत. टॅक्सीत आबांच्या शेजारी बसून मला रस्ता दिसत नव्हता. चिमटा दिसत होता. आणि त्याच्या पुढचंही मला माहीत होतं. जंतू तिथून रक्तात गेले तर प्रश्न गुडघ्याचा राहत नाही.

आबा बाहेरच्या इमारती बघत म्हणाले, "तुह्या कामाचा खाडा झाला ना?"

मी ड्रायव्हरला आणखी वेगानं न्यायला सांगितलं. 

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याला बोट लावलं आणि मला म्हणाल्या, "विचार, किती दुखतंय."

मी विचारलं.

"सांग तिले, दुखत नाई."

"ते म्हणतात, दुखत नाही."

बाईंनी गुडघा जरासा वाकवला. आबांनी खाटेची दांडी अशी पकडली की हाताच्या शिरा उठल्या. डोळ्यांतून पाणी आलं.

"आता विचार."

"आबा?"

"नाई म्हणलं ना! एकदम चांगलं औषध हाये म्हणा."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. "तुझे वडील शूर आहेत. पण मला शूर माणूस नको, खरं बोलणारा पेशंट हवा." मग त्यांनी शांतपणे सांगितलं. दोन शक्यता. काही जणांच्या गुडघ्याला हे वंगण मानवत नाही, तो भडकतो, आणि आपोआप शांत होतो. नाहीतर जंतू. दिसायला दोन्ही सारखंच. आतलं पाणी काढून तपासायचं, जंतू वाढतात का ते पाहायला थोडे दिवस लागतात, तोवर इथंच ठेवायचं. पाण्यात काही वाईट दिसलं तर ऑपरेशन करून आतून धुवावं लागेल. "आणि सूज नक्की कधी आली ते मला कळायला हवं. तास महत्त्वाचे आहेत. त्यांना खरं बोलायला लाव."

त्या पाणी काढायच्या तयारीला गेल्या. मी वाकून म्हटलं, "आबा, पाया पडते, खरं सांगा. काहून लपवता?"

त्यांनी माझा दंड धरून मला आणखी खाली ओढलं. दाराकडं पाहिलं. कुजबुजत म्हणाले, "ते बाई कागदावर लिहून रायली."

"मग?"

"तुहं नाव नको लिहू देऊ."

मला काहीच कळेना. "माझं नाव कशाला लिहितील?"

"मले शिकवतं का? रुळाची चावी ढिली निघाली की पहिले नाव लिहितेत. कोणाची बीट होती? चावीवाल्याची. मंग सायबापुढं उभा. चार्जशीट. औषध बिघडलं असं त्या बाईनं लिहिलं तर तुही नोकरी राहील? इथं राहाचा पास राहील? इथून काढून देतीन तुले." त्यांचे ओठ कोरडे पडले होते. "एक टोंगळा गेला तं गेला. दुसरा हाये मले."

म्हणजे रविवारचा आख्खा दिवस हा माणूस तापात खुर्चीत बसून माझी नोकरी वाचवत होता.

मला दया यायला हवी होती. आला राग. भीतीनं आला असेल. मी ओरडले, "आबा, ते औषध माझं नाही!"

"हळू बोल."

"कंपनीचं आहे! डब्यातून आलं!"

"तसंच सांगत जाय सगळ्यायले." आणि पुन्हा तो डोळा. तापातसुद्धा.

मग मी, जे कधीच सांगणार नव्हते, ते सांगितलं. "माझं औषध अजून कोणत्याच माणसाला दिलेलं नाही. ते डुकराच्या गुडघ्यात आहे. डुकराच्या! मी काहीच काढलेलं नाही अजून. काढेन की नाही तेही माहीत नाही."

आबांनी माझा दंड सोडला. 

"डुकराच्या?"

"हो."

"अन् हे, माह्या टोंगळ्यातलं?"

"माझा ह्याच्याशी काही संबंध नाही. शपथ घेऊ?"

त्यांनी गुडघ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "मंग मी वस्तीत काय सांगू?"

आणि एकदम त्यांचा चेहरा मोडला. दांडीवरचा हात सुटला.  "दुखते पोरी. लय दुखते. शनिवारच्या रातच्यापासून दुखते. जीव जाते माहा."

मी धावत जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगितलं, शनिवार रात्र. त्यांनी मान हलवली आणि सुई उचलली. यावेळी मी बघितलं. बघावंच लागलं, कारण आबांनी डोकं माझ्या पोटात खुपसलं होतं आणि मोठमोठ्यानं ओरडत होते. नळीत आलेलं पाणी गढूळ, पिवळसर. गढूळ म्हणजे काय, हे मी बाईंना विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

पुढचे दिवस मी कसे काढले ते धड आठवत नाही. आईला फोनवर 'थोडी सूज आहे' म्हणत राहिले. हातातली सलाईनची सुई, लिफ्टजवळचा कॉफीचा वास, एवढं आठवतं. दर वेळी दार उघडलं की मला वाटायचं, आता सांगतील, ऑपरेशन. आबा मात्र मोकळे झाले होते. कण्हायचे, नर्सला वऱ्हाडीत शिव्या द्यायचे, जेवणाला नावं ठेवायचे. "इतकी पचपचीत दाळ! याच्यापेक्षा तुह्या डुकरायले बरं देत असतीन."

जंतू निघाले नाहीत. बाईंनी येऊन एवढंच म्हटलं, "त्यांच्या गुडघ्याला आवडलं नाही हे औषध. पुन्हा द्यायचं नाही." सूज हळूहळू उतरली. मी जिन्यात जाऊन बसले.

आबा गावी परतले ते काठी घेऊन. गुडघा आधी होता तसाच, थोडा वाईटच. वस्तीत त्यांनी काय सांगितलं, ते मला आई सांगत नाही.

त्यानंतर एकदा लॅबमध्ये बोलणं निघालं की पुढं कधी माणसांवर तपासणी झाली तर त्रासाची नोंद कशी ठेवायची. कुणी म्हणालं, रोज फोन करून विचारायचं, दुखतं का. मी म्हटलं, विचारून चालणार नाही. रोज गुडघा बघायला हवा. सगळ्यांना वाटलं मी अति करते. 

आता रविवारी व्हिडिओ कॉल असतो. आबा स्क्रीनभर तोंड आणून म्हणतात, "काई नाई होत मले, एकदम झकास." मी आईला म्हणते, फोन खाली धर. आई म्हणते, अगं, आधी बापाशी दोन शब्द तर बोल. नाही, मी म्हणते, आधी दोन्ही गुडघे. शेजारी शेजारी. उजेडात.

मग पायजमा वर सरकतो, नेटवर्क अडकतं, चित्र तसंच थिजून राहतं, आणि मी उजवा डाव्यापेक्षा मोठा दिसतोय का ते बघत बसते.