मानपान सोडून लिहिलेली गोष्ट

संगमनेरच्या बसस्टँडजवळ माझं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, दशक्रियेच्या पत्रिका. शाळेत असताना मी गोष्टी लिहिणार म्हणून गावभर सांगत सुटलो होतो. वडील म्हणाले, "लिहायचंच हाय ना? मग प्रेसवर जा. तिथं लिहिन्याचे पैशे मिळत्यात." गेलो आणि तिथेच रमलो. खोटं कशाला बोलू, वाईट चाललं नाही. आसपासची कितीतरी लग्नं माझ्याच मजकुरावर लागली.

पण चातुर्मासात लग्नतिथी नसतात आणि दुकानात माशा मारत बसावं लागतं. गेल्या वर्षी अशाच एका रिकाम्या दुपारी पत्रिकेऐवजी गोष्ट टाईप करायला घेतली. विषय लहानपणापासून डोक्यात होता, आई पहिल्यांदा सायकलवर बसली तो दिवस. वडील टायफॉईडने अंथरुणाला खिळले होते आणि डेअरीला दूध घालायला दुसरं कुणी नव्हतं. आईने वडिलांची सायकल काढली, दोन्ही बाजूंना किटल्या अडकवल्या आणि निघाली. नऊवारीतली बाई सायकलवर, असलं काही आमच्या गावाने तोवर पाहिलं नव्हतं. ही गोष्ट जमली तर पुढे लिहायचं, नाहीतर आपलं दुकान बरं, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

लिहून झाल्यावर बायकोला वाचून दाखवली. मेथी निवडता निवडता ती हसायला लागली.

"अवो, ही गोष्ट हाय का पत्रिका? थोरले चुलते आले, धाकटे आले, सगळे मामा आले, आत्याचे मालक बी आले. आता खाली नातवंडांच्या नावानं 'आमच्या आजीच्या सायकलीला यायचं हं' तेवढं टाका."

माझा पारा चढला. तणतणत दुकानात आलो, पुन्हा वाचली, तर तिचंच खरं होतं. पत्रिकेत एखाद्या मामाचं नाव राहिलं तर तो मांडवात पाय ठेवत नाही. ही धास्ती माझ्या बोटांत इतकी मुरलेली, की गोष्टीतही मी सगळ्यांना मानाने आणून बसवलं होतं. एकाने सायकल धरली, दुसऱ्याने किटली उचलून दिली. प्रत्यक्षात ही सगळी मंडळी पारावर बसून खिदळत होती. त्यांचा मला राग होता, अजूनही आहे, आणि लिहिताना मात्र मी त्यांनाच ओवाळत बसलो होतो.

मग एकेकाला काढलं. सोपं नव्हतं, कारण त्यातले काही अजून आहेत आणि रुसायला निमित्तच शोधत असतात. शेवटी आई, सायकल, रस्ता आणि पारावरचा हशा एवढंच उरलं. आता भीती होती ती आईची. तिने जन्मभर भावकी सांभाळली. ती "नको" म्हणाली असती तर मी ती गोष्ट पुसून टाकली असती.

आईला वाचता येत नाही. रविवारी गावी गेलो आणि ओट्यावर तिच्याशेजारी बसून मोबाईलवरून वाचली. चुलते हसले ते वाक्यही वाचलं, जरा भरभर.

"हसले ते खरंच हाय. राहू दे," आई म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात तिने विचारलं, "पन तू कुठं हाय ह्याच्यात?"

"मी?"

"मागं कॅरेज धरून पळत हुतास की. पार डेअरीपर्यंत. अनवानी. लई येळा म्हनलं सोड, तर सोडलं न्हाई. मी काय एकटी गेल्ते व्हय?"

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. माझ्या लक्षात राहिला होता तो फक्त हशा. तिथेच ओट्यावर बसून मोबाईलवर टाईप केलं, 'मी मागे कॅरेज धरून पळत होतो,' आणि आईला वाचून दाखवलं.

"हां," ती म्हणाली, "आता गेलो आपन दोघं."