होमराजच्या नावाने गेलेला मेसेज

रविवार, १६ नोव्हेंबर. नवा तांदूळ चाळून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून डब्यांत भरायचं काम सकाळपासून चाललं होतं. आत्ता संपलं. हात धुतले आणि लिहायला बसले.

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. समोर बसून ऐकणाऱ्या माणसाला सांगण्याची धमक माझ्यात असती, तर हे लिहायची वेळच आली नसती.

गोंदियात आमचं लहानसं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. आम्ही राइस मिलसाठी प्रोग्रॅम करतो. धानाची गाडी गेटवर आली की मालकाच्या मोबाइलवर मेसेज जातो, वजन नोंदलं जातं, असली कामं. प्रोग्रॅमर मोजकेच, आणि त्यांत सगळ्यांत जुनी मी. सगळे मॅडम म्हणतात. शिस्तीची बाई अशी माझी ख्याती आहे, आणि ती मला आवडते. हे आधीच सांगून ठेवते, कारण सगळं तिथूनच सुरू होतं.

होमराज आणि निलेश दोघेही केशोरी गावचे. शाळेपासून एकत्र, गोंदियात खोलीही एकच. आमच्याकडे एकाच दिवशी लागले. होमराज अर्धा वेळ कोड लिहायचा, अर्धा वेळ मोटरसायकलवर मिल फिरायचा, कारण मिलवाल्यांशी त्याच्याइतकं कोणाचं जमत नसे.

चार वाजता चहा आला की खुर्च्या वळायच्या आणि गप्पा सुरू व्हायच्या. सर्व्हर का बसला, कोणाचा कोड कोणी बिघडवला, पगार कधी. होमराज म्हणायचा, "माह्या मशीनवर तं चालून राहिलं जी." लगेच निलेश, "मंग तुही मशीनच नेऊन ठेव मिलवाल्याच्या घरी. तूही राह्य तिथंच." मीसुद्धा हसायचे. तो दिवसातला एकच वेळ होता, जेव्हा मला मॅडम असल्याचा विसर पडायचा.

होमराजची एक गोष्ट चहाला हटकून निघे. एखाद्या मिलमधून फोन आला की तो हातातला कप न सोडता सांगायचा, "येऊनच राहिलो जी, कोहमारा सोडला." कोहमारा हे पार हायवेवरचं गाव; ते कुठं नि आमचं ऑफिस कुठं. फोन ठेवून स्वतःच हसायचा. म्हणायचा, "कोहमारा म्हटलं का त्याईले धीर येते. जातो तं मी खरंच, थोडा उशिरा." आणि जायचाही. उन्हात, पावसात, स्वतःच्या गाडीवर. पण ती लबाडी आमच्या चार भिंतींतली होती. त्यानं ती विश्वासानं सांगितलेली होती — आम्हाला.

एका दुपारी मी मेसेजचा नवा भाग तपासत होते. तपासणीसाठी काहीतरी मजकूर टाकावा लागतो. "टेस्ट" लिहून भागतं. टेस्टमध्ये फालतू काही लिहायचं नाही, हा नियम ऑफिसात मीच केलेला. त्यावरून मी पोरांना झापलेलंही होतं. तरी मी लिहिलं — "होमराज येऊनच राहिला जी. कोहमारा सोडला. सध्या ऑफिसात चहा पिऊन राहिला." का लिहिलं? कंटाळा आला होता. गंमत वाटली. याहून मोठं कारण मला अजून सापडलेलं नाही.

मेसेज माझ्याच फोनवर यायला हवा होता. पण सकाळी एका गिऱ्हाइकाची तक्रार बघताना मी मिलवाल्यांच्या नंबरांची खरी यादी जोडली होती आणि परत बदलायची विसरले होते. सगळ्या मिलवाल्यांना गेला. ज्यांना ज्यांना होमराजनं कोहमारा सांगितला होता, त्या प्रत्येकाला.

अर्ध्या तासात फोन सुरू झाले. काही हसत होते. बरेच हसत नव्हते. एका मालकानं होमराजलाच फोन केला, "क्यों भाई, चाय हो गई?" होमराजचा चेहरा मी पाहिला. त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं.

आमचे सर मला म्हणाले, "मॅडम, पता करो किसने किया." चौकशी माझ्याकडे! आमच्याकडे सगळ्यांचं लॉगिन एकच होतं — ती सोयही मीच लावलेली. त्यामुळे कोणी केलं हे संगणकाला सांगता येत नव्हतं. ते सांगू शकणारी एकटी मीच होते.

त्या दिवशीही चार वाजता चहा आला. होमराज कपात बघत बसला होता. आणि मी अगदी सहज, साखर कमी आहे म्हणावं तसं विचारलं, "मेसेजचं टेस्टिंग परवा निलेशच करत होता ना?"

करत होता. परवा करत होता. मी खोटं बोलले नाही, फक्त प्रश्न विचारला. कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगितलं. पण तो प्रश्न कुठं जाऊन लागेल, हे मला तोंड उघडण्याआधी ठाऊक नव्हतं का? होतं.

निलेश आधी हसला. "मी कायले करीन मॅडम? एका खोलीत राहतो आम्ही."

होमराज म्हणाला, "म्हणूनच तं."

एवढंच. त्याच आठवड्यात होमराजनं दुसरी खोली पाहिली. निलेशला कोणी काढलं नाही. पण तो आला की बोलणं थांबायचं, खुर्च्या वळायच्या नाहीत. काही महिन्यांनी त्यानंच सोडलं. जाताना माझ्या टेबलाशी उभा राहिला. "मॅडम, तुम्ही तरी मानता का, का मी केलं म्हणून?"

मी म्हटलं, "जाऊ दे रे. लोक विसरतात."

लोक विसरले नाहीत. मिलच्या गेटवर होमराजला अजून विचारतात, "कोहमारा छूटा क्या?" तो हसून साजरं करतो. पण त्या दिवसापासून त्यानं चहाला स्वतःची एकही गोष्ट सांगितलेली नाही. हल्ली पोरं एआयबद्दल बोलतात, ते कोड लिहितं, आपलं काय होणार वगैरे. होमराज ऐकतो, कप धुतो, जागेवर जातो. निलेश केशोरीत लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो. त्याच्यासारखा कोड मला लिहिता येत नव्हता. हे त्याला मी कधी सांगितलं नाही, आता सांगून काय उपयोग?

आणि हे सगळं आजच का? कारण काल होमराज माझ्याजवळ येऊन बसला. त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आहे. ती निलेशला लहानपणापासून राखी बांधायची. ती हटून बसली आहे, निलेशभाऊ नसेल तर मी मांडवात उभी राहणार नाही. होमराज म्हणाला, "मॅडम, इतके साल झाले. बोलवू का त्याले? तुम्हाले सगळं माहीत आहे, तुम्ही सांगा."

मला सगळं माहीत आहे.

एक वाक्य पुरलं असतं. ते तोंडापर्यंत आलं होतं असं म्हणणार नाही — आलं नव्हतं. आलं ते हे, की हा ऑफिसात सर्वांना सांगेल, मग उद्यापासून मी कोण असेन? मी स्क्रीनकडे बघत राहिले आणि म्हटलं, "घरचा विषय आहे, तुझं तू बघ."

सोमवार. आज ठरवून लवकर गेले. ऑफिसात कोणी नव्हतं. होमराज आला, पत्रिकांची पिशवी टेबलावर ठेवली आणि एक काढून माझ्या हातात दिली. "पहिली देवाजवळ ठेवली. दुसरी तुमची." मग पिशवी बांधता बांधता म्हणाला, "निलेशले नाही देऊन राहिलो. तुम्ही परवा काही बोलल्या नाही, तं मी समजलो. बहिणीले सांगितलं तसं. रडून राहिली ते."

दार बंद होतं. तो समोर उभा होता. यापेक्षा सोपी वेळ मला मिळाली नसती.

मी पत्रिका उघडून नावं वाचली. छान छापली आहे म्हणाले. मग सांगितलं, सडक अर्जुनीकडच्या मिलमध्ये वजनकाट्याचा आकडा येत नाही आहे, जाऊन बघून ये. तो बॅग घेऊन निघाला. मी संगणक सुरू केला.