‘चेंबरबाबत’ आलेला हुकूम

माघ शुद्ध पंचमी: सभागृहासाठी नगरपालिकेत अर्ज दिला. जबाबदार: आवक कारकून, ज्यांनी तो पूर्ण वाचला नाही. माघी पौर्णिमा: स्मरणपत्र. जबाबदार: मुख्याधिकारी, ज्यांनी उत्तर दिले नाही. माघ वद्य एकादशी: कार्यक्रमाचा दिवस, दाराला कुलूप. जबाबदार: वरील दोघे, आणि त्या दुपारी, माझ्या मते, संत मुक्ताईसुद्धा. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या गावाचे नाव मी लिहीत नाही. ज्यांनी उत्तर द्यायचे आहे, त्यांना ते ठाऊक आहे.

माझी मुलगी धुळ्यात एका बाईंकडे पियानो शिकली. पुढे स्वतः रचू लागली: पियानो, व्हायोलिन आणि चेलो अशा तिघांसाठी एक रचना, आणि एक एकट्या पियानोसाठी. मोजक्या वादकांच्या अशा संगीताला इंग्रजीत ‘चेंबर म्युझिक’ म्हणतात. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिची बोटे आखडू लागली. उन्हाळ्यापर्यंत ही वाजवू शकेल असे धरून चालू नका, असे डॉक्टरांनी सांगितले. म्हणजे स्वतःचे संगीत लोकांसमोर वाजवण्याची तिला ही एकच संधी होती. एकादशीच्या यात्रेला मुक्ताईनगरला जाण्याचा नेम मी त्या वर्षी प्रथमच मोडला, आणि मोडताना मुक्ताईला मनातल्या मनात नोटीसच दिली: पोरीचे एवढे होऊ दे, नाहीतर तुझा माझा संबंध संपला.

दुपारी धुळ्याहून दोन्ही वादक आले. टेम्पोतून उतरवलेला पियानो बंद दारापुढे उन्हात उभा राहिला. रखवालदार म्हणाला, “आबा, हुकूम दाखवा, कुलूप काढतो. तोंडी नाही चालत. लेखी पाहिजे, हे तुम्हीच तर गावाला शिकवलं!” खरेच होते; गावाचे अर्ज-तक्रारी मीच लिहून देत असे. मुलगी पायरीवर बसून गरम पाण्याच्या पिशवीवर बोटे शेकत होती.

तेवढ्यात खांद्यावर बांबूच्या लांब कामट्या घेऊन सुपडूभाऊ आले. ते नगरपालिकेत गटारे आणि त्यांचे झाकणाखालचे चेंबर साफ करण्याच्या कामावर होते.

“आबा, चेंबर कोठे शे?”

“कसले चेंबर?”

“आठे कागदमा लिखेल शे.”

कागद म्हणजे माझाच अर्ज. ‘चेंबर म्युझिकचा कार्यक्रम’ यातल्या पहिल्या शब्दाखाली लाल रेघ होती आणि समासात शेरा: “चेंबरबाबत. गटार विभागाने एकादशीस कार्यवाही करावी. रखवालदाराने सभागृह उघडून द्यावे.” खाली मुख्याधिकाऱ्यांची सही, शिक्का. जन्मभर कलमे वाचली, पण इतके निर्दोष वाक्य माझ्या वाचनात आले नव्हते. रखवालदाराने ते दोनदा वाचले आणि हसू दाबत कुलूप काढले. रुसलेल्या भावाचे दार उघडवणारी मुक्ताई मला आठवली, आणि माझी मान खाली गेली.

सुपडूभाऊंनी कामट्या भिंतीला टेकवून पियानोला खांदा दिला. नंतर ते दाराबाहेरच थांबले. मुलीने त्यांना हाताला धरून पहिल्या रांगेत बसवले. तिघांची रचना झाली. मग ती एकटी वाजवू लागली: एक सूर पडे, आणि तो विझेपर्यंत ती थांबे. मागून कुणी म्हणाले, “वाजवतेय की दुरुस्त करतेय?”

सुपडूभाऊ वळले. “गप ऱ्हाय रे. आम्ही खाले उतरतस तवय पयले दगड टाकतस, आवाज कितला खोल जास ते आयकतस. ताई तेच करी ऱ्हायनी.”

शेवटचे सूर तिने एकाच बोटाने वाजवले. बाकीची उघडली नाहीत.

पुन्हा तिने पियानोला हात लावला नाही. आता तिची वेणी मी घालतो. माझ्या अर्जांनी जे दार उघडले नाही, ते एका चुकीने उघडले. ती चूक कोणी घडवली, हे मी सिद्ध करीत बसत नाही. कृपा मागावी, तिने कोणत्या मार्गाने यावे हे सांगू नये, एवढे शिकलो. नोटीस मागे घेतली. यात्रेला पुन्हा जातो.

परंतु ‘नेमून दिलेले चेंबर साफ न करता गाणे ऐकत बसल्याबद्दल’ सुपडूभाऊंना कामावरून काढण्यात आले. ज्या हातांनी ही कृपा माझ्या दारी आणली, त्या हातांना ही शिक्षा. मुख्याधिकारी महोदय, ते चेंबर कुठे होते? मला खासगी पत्र नको. त्याच सभागृहात, दार उघडे ठेवून, सुपडूभाऊंना पहिल्या रांगेत बसवून, सर्वांसमोर सांगा.